कूलरचा कोपरा

रविवारी सकाळी सात वाजता नाना गायधनींनी ओट्यावर चार वाट्या मांडल्या आणि डब्यातले शेंगदाणे मोजून एकेका वाटीत टाकायला सुरुवात केली. श्यामलाबाईंना वाटलं, रिटायर होऊन दोन वर्षांनी का होईना, माणूस कामाला लागला.

"भाजूनच ठेवा मग. कूट करायचंय," त्या म्हणाल्या.

"हे शेंगदाणे नाहीत," नाना गंभीरपणे म्हणाले. "हे आपल्या प्रभागातले सभासद आहेत."

श्यामलाबाईंनी एका वाटीतले पाच-सहा सभासद उचलून तोंडात टाकले. "खवट आहेत तुमचे सभासद."

नानांची नात यशश्री टेबलापाशी पोहे खात होती. नुकतीच नववीतून दहावीत गेलेली, आणि गेल्या महिन्यात शाळेच्या वादविवादात पहिली आल्यापासून घरात कुणाचंही वाक्य पूर्ण होऊ न देणारी. ती लगेच उठून आली. कारण वाट्यांची कल्पना तिचीच होती.

"आजी, ऐक. ही वाटी म्हणजे नानांचा कोपरा. ही गौरांगदादाचा. ही संपदाताईंचा. आणि ही चौथी, ज्यांचं अजून ठरलं नाही त्यांची. आज अकरा वाजता सगळ्या सभासदांनी ज्याला निवडायचं त्याच्या कोपऱ्यात जाऊन थांबायचं. मग मोजणी. ज्याच्या कोपऱ्यात शंभरात पंधरासुद्धा नाहीत त्याचा कोपरा बरखास्त. त्याची माणसं दुसऱ्या कोपऱ्यात. शेवटी ज्याच्याकडे जास्त, तो प्रतिनिधी!"

"हात वर करायला काय झालं होतं?"

"हात वर करून कधी कुणी निवडून आलंय का आपल्या पक्षात?" यशश्री म्हणाली.

पक्षाचं नाव सांगण्यात अर्थ नाही. पाच वर्षांत ते दोनदा बदललं आहे. पण नाव कुठलंही असो, राज्य अधिवेशनाला प्रभागातून एक प्रतिनिधी पाठवायची पद्धत मात्र कधी बदलली नव्हती. आधी प्रतिनिधी ठरत असे, मग त्याला निवडण्यासाठी बैठक बोलावली जात असे. बैठकीचं इतिवृत्त आदल्या दिवशीच टाइप होऊन येई. फक्त टाळ्या किती वेळ वाजल्या, तेवढी जागा मोकळी ठेवलेली असे.

आणि त्या टाळ्या ज्या सतरंजीवर बसून वाजवल्या जात, ती सतरंजी नाना घालत असत. गेली बावीस वर्षं. अंबडच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते तेव्हापासून. पक्षाची सभा कुठेही असो, नाना दोन तास आधी येत आणि दोन तास उशिरा जात. मधल्या वेळात, म्हणजे प्रत्यक्ष सभा चालू असताना, ते पाण्याच्या जारपाशी उभे असत. बावीस वर्षांत त्यांनी एकही भाषण समोरून पाहिलं नव्हतं. सगळ्या थोर नेत्यांच्या पाठी मात्र त्यांना पाठ होत्या.

मग वरच्या साहेबांचा भाचा सहा महिने अमेरिकेत राहून आला. तिथे एका गावात बाहेर गुडघाभर बर्फ पडलेला असताना लोक शाळेच्या हॉलमध्ये जमतात, आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभे राहतात आणि प्रतिनिधी निवडतात, असं त्याने डोळ्यांनी पाहिलं. ते पाहून तो इतका भारावला की परत आल्यावर आठ दिवसांत अकरा कलमांचं परिपत्रक निघालं. पक्षात लोकशाही आली. आली ती मे महिन्यात, नाशकात पारा एक्केचाळीसवर असताना.

परिपत्रक व्हॉट्सॲपवर आलं तेव्हा नानांनी ते तीनदा वाचलं, चष्मा पुसला आणि चौथ्यांदा वाचलं.

"श्यामला, यात एकमताने हा शब्दच नाही गं," ते म्हणाले होते.

कॉलनीत नानांना न ओळखणारं कुणी नव्हतं. कुणाच्या घरी लग्न असो, बारसं असो, दहावा असो, सतरंजी नानांकडूनच जायची. त्यातल्या निम्म्या लोकांनी जरी आठवण ठेवली, तरी नाना कोल्हापूरच्या अधिवेशनाला जाणार होते. गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र घालून. पुढच्या रांगेत नाही, तर निदान समोरच्या बाजूला बसायला.

"फक्त एक करा," श्यामलाबाई आता म्हणाल्या. त्यांनी चारही वाट्या एका ताटलीत उपड्या केल्या आणि सर्व पक्षांतराचा प्रश्न एकदम मिटवला. "आज कशालाही हात लावायचा नाही. सतरंजी नाही, जार नाही, माइक नाही. तुम्ही आज उमेदवार आहात. उमेदवार काही उचलत नाही. आणि तुमची कंबरही आता उचलू देत नाही."

"नाही लावणार हात."

"शपथ घ्या."

"तुझी शपथ."

"माझी नको. मला अजून जगायचंय. यशू, तू जा यांच्याबरोबर. आणि लक्ष ठेव."

*

समाजमंदिर नाशकातल्या द्वारका चौकापासून आत, दोन गल्ल्या सोडून. वर पत्रा, त्यामुळे आत जी काही समाजसेवा होते ती वाफेवर होते. पंखे चार. त्यातला एक फिरतो, तोही सावकाश, आपल्यावर कुणी नजर ठेवून आहे की नाही ते बघत. थंडाव्याचा एकमेव आधार म्हणजे पक्षाचा जुना लोखंडी कूलर. तो नाना शनिवारी संध्याकाळीच, म्हणजे शपथ घ्यायच्या आधी, पूर्वेच्या कोपऱ्यात प्लगपाशी लावून आले होते. वर्षानुवर्षं तो तिथेच लागतो, म्हणून. सतरंजीही तेव्हाच अंथरून झाली होती.

साडेदहाला निरीक्षक आले. प्रतिनिधी निवडायला बाहेरचा निरीक्षक लागतो, कारण गावातल्या माणसावर गावातल्या कुणाचा विश्वास नसतो. हे सिन्नरचे मल्हारीआप्पा. पांढरे कपडे, हातात परिपत्रक आणि चष्मा घरी.

"पोरी, तुला वाचता येतं का गं?" त्यांनी दारातच यशश्रीला विचारलं.

"मी दहावीत आहे," यशश्री दुखावल्या आवाजात म्हणाली.

"मंग बस हितं माझ्याजवळ. कलमं तू वाचायची, डोकी तू मोजायची. आपल्याला वरून आलंय तसं करायचंय. लय डोकं लावायचं नाय."

"पण माझे आजोबा उमेदवार आहेत."

मल्हारीआप्पांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. "तू हे आपणहून सांगितलं. म्हंजी या हालमधी सगळ्यात भरवशाची तूच हायेस."

कोपऱ्यांसाठी चिठ्ठ्या टाकल्या. नानांना पूर्वेचा कोपरा आला. कूलरचा. गौरांगला दाराशेजारचा, संपदाताईंना खिडकीचा. चौथा कोपरा मोरीला लागून. तिथे खराटे, फिनेल आणि समाजमंदिर झाडणाऱ्या सुलाबाईंची बादली असते. त्या कोपऱ्याला यशश्रीने पाटी लावली: 'अजून ठरलं नाही'. भिंतीत तिथेही एक प्लग होता. तेव्हा त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

गौरांगची ओळख करून द्यायची तर कॉलनीत कुठल्याही खांबाकडे बघावं. तिथे तो हात जोडून हसत असतो. त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स वर्षातून दोनदा लागतो. एकदा जन्मतारखेला आणि एकदा फ्लेक्सवाल्याकडे जुनं कापड उरलं की. आज त्याने आपल्या कोपऱ्यात मिसळ ठेवली होती. काळ्या मसाल्याची, वर तर्रीचा बोटभर थर.

"नाना, तुमच्यासाठी पण ठेवलीये बरं का," तो आपुलकीने म्हणाला. "आणि ते जार जरा इकडे सरकवता का? मिसळीला पाणी लागेल."

नानांचे हात निघालेच होते. यशश्री खाकरली. हात परत खिशात गेले.

"मी उमेदवार आहे," नाना म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं होतं, त्यामुळे ते जरा जोरात आलं. सगळा हॉल वळून बघायला लागला.

संपदाताई महिला आघाडीच्या प्रमुख. त्यांचं भाषण कुठल्याही विषयावर असलं तरी शेवटी "महिलांना संधी मिळालीच पाहिजे" इथे येऊन थांबतं, आणि महिला म्हणजे कोण हे सांगायला त्या आपला पदर सावरतात.

अकराची बैठक बाराला सुरू झाली, म्हणजे वेळेवरच. प्रभागाच्या सभासद यादीत एकशे चाळीस नावं होती. हजर एक्केचाळीस. उरलेल्यांपैकी दोघांच्या फोटोला हार होता आणि काहींना आपण सभासद आहोत याची कल्पना नव्हती.

"सुलाबाई नवसू गांगुर्डे," यशश्रीने यादीतलं एक नाव वाचलं आणि चमकून वर पाहिलं. "सुलामावशी, तुम्ही पण?"

मोरीपाशी स्टुलावर बसलेल्या सुलाबाई म्हणाल्या, "मला काय ठावं? त्या गौरांगभाऊच्या पोरानं माझा मोबाइल घेतला, कायतरी दाबलं, म्हणला, झालं तुमचं. मला वाटलं गॅसचं झालं."

गौरांगला वरून वीस महिलांचं उद्दिष्ट होतं. एकोणीस झाल्या होत्या.

"यादीत नाव हाय म्हंजी सभासद हाय," मल्हारीआप्पा म्हणाले. "चला, आपापला कोपरा धरा. पहिली मोजणी फकस्त नोंदीसाठी. दुसऱ्या मोजणीला छाटणी."

"आप्पा, कोपऱ्यात उभं राहायचं का बसायचं?" कुणीतरी विचारलं.

यशश्रीने परिपत्रक पाहिलं. "थांबणे, असं लिहिलंय."

यावर पंधरा मिनिटं चर्चा झाली. थांबणे म्हणजे बसणे असा खुलासा जिल्हा कार्यालयाकडून फोनवर मिळाल्यानंतर लोक निघाले. कुठे, तर सगळे आधी दाराशी. मिसळीकडे. गौरांगच्या कोपऱ्यात पस्तीसेक माणसं एकदम जमली, आणि त्याने फोटोग्राफरला खूण करून घाईघाईने अकरा फोटो काढून घेतले. ते त्याच मिनिटाला 'गौरांगभाऊंना प्रचंड पाठिंबा' म्हणून ग्रुपवर गेलेसुद्धा.

पण मिसळ ही अशी वस्तू आहे की ती खाऊन झाल्यावर माणसाला तत्त्व आठवत नाही, वारा आठवतो. एक्केचाळीस अंश, वर पत्रा, पोटात तर्री. नाक पुसत, कपाळ पुसत, हाशहुश करत माणसं एकेक करून पूर्वेकडे सरकायला लागली आणि कूलरसमोर, म्हणजे नानांच्या कोपऱ्यात, फतकल मारून बसली.

"नानांसारखा माणूस नाही," शर्टाची वरची दोन बटणं उघडून एक गृहस्थ म्हणाले.

"निष्ठावंत," दुसऱ्याने डोळे मिटून, वारा छातीवर घेत सांगितलं.

नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. बावीस वर्षांचं सार्थक असं इतक्या गार वाऱ्यात होईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

यशश्रीने मोजलं. नाना चोवीस. गौरांग नऊ. संपदाताई सात. आणि 'अजून ठरलं नाही' कोपऱ्यात एक. सुलाबाई.

"मावशी, तुमचं ठरलं नाही का?"

"मला कुणी इचारलंच न्हाई. आन् माझी बादली हितं हाय."

यशश्रीने वहीत लिहिलं: अनिर्णित, एक.

चोवीस हा आकडा ऐकून गौरांगचा हसरा चेहरा खांबावर राहिला आणि खरा चेहरा खाली आला.

"ऑब्जेक्शन!" तो ओरडला. "आप्पा, हे मतदान नाहीये, हवापालट आहे! कूलर एका उमेदवाराच्या कोपऱ्यात कसा काय? हे आमिष आहे आमिष!"

"आन् तुमची मिसळ?" मल्हारीआप्पांनी विचारलं. त्यांच्या मिशीला अजून तर्री होती.

"मिसळ ही कार्यकर्त्यांची सोय आहे. कूलर हा प्रचार आहे."

"महिलांच्या कोपऱ्यात साधा पंखासुद्धा नाही," संपदाताई पदर सावरत म्हणाल्या. "हा समस्त महिलांचा अपमान आहे."

"मग करायचं काय?"

"कूलर तटस्थ जागी ठेवा!" गौरांग म्हणाला.

तटस्थ जागा म्हणजे हॉलचा मध्य, असं आधी ठरलं. पण कूलरची वायर दीड हात, आणि मध्यभागी प्लग नव्हता. वायर जोडायची तर तुकडा नव्हता. मग गौरांगच्याच डोक्यात वीज चमकली.

"तो चौथा कोपरा! तिथे प्लग आहे. आणि तिथे कुणी उमेदवारच नाही. यापेक्षा तटस्थ काय असणार?"

आपल्या प्रभागाच्या राजकीय इतिहासात इतकी न्याय्य सूचना पूर्वी कुणी केली नव्हती. तिला एकमुखाने पाठिंबा मिळाला. नानांनीसुद्धा मान हलवली. कारण नियम तो नियम, आणि शिवाय त्यांना लोकांची खात्री होती. चोवीस माणसं आपल्यासाठी आली होती, कूलरसाठी थोडीच?

कूलर उचलायला चौघं धावली. बटण दाबताच तो मोरीच्या कोपऱ्यातून घरघरायला लागला. वाऱ्याचा पहिला झोत सुलाबाईंच्या पदरावर गेला.

"आता धा मिनिटं," मल्हारीआप्पा म्हणाले. "एकमेकांना समजवायची. मंग छाटणी."

समजवायला तीन उमेदवार उभे राहिले, ऐकायला मात्र कुणी राहिलं नाही. नानांच्या कोपऱ्यातले 'नानांसारखा माणूस नाही' म्हणणारे गृहस्थ उठले, "आलोच हं नाना, जरा पाणी पिऊन," म्हणाले आणि मोरीकडे गेले. निष्ठावंत शब्द उच्चारणारे त्यांच्यामागे गेले. त्यांचा मुलगा त्यांच्यामागे गेला. गौरांगच्या कोपऱ्यातले दोघं "त्यांना समजावून आणतो, भाऊ," असं सांगून निघाले आणि तिथेच समजून बसले. संपदाताईंच्या बहिणीने तर सरळच सांगितलं, "ताई, माझं बीपी आहे गं."

पाहता पाहता मोरीचा कोपरा भरला. फिनेलचा वास होता, खराटे टोचत होते, पण कुणाची तक्रार नव्हती. पक्षाच्या स्थापनेपासून इतके कार्यकर्ते इतक्या जवळ जवळ, इतक्या सलोख्याने बसल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"सरका की जरा," सुलाबाई म्हणत होत्या. "बादलीत बसता का आता?"

नानांच्या कोपऱ्यात उरले सहा जण आणि सातवे नाना. सहाही वृद्ध होते. त्यातल्या चौघांना उठता येत नव्हतं आणि दोघांना झोप लागली होती. पण मतं ती मतं.

यशश्रीने वहीच्या कोपऱ्यात भराभर गणित केलं. एक्केचाळीसचे शंभरात पंधरा म्हणजे सहा पूर्णांक काहीतरी. म्हणजे सात हवेत. तिने पुन्हा मोजलं. सहा आणि नाना. सात! गौरांगकडे पाच होते. संपदाताईंकडे चार. ते दोघं गेलेच. सात जणांचा एवढासा कोपरा वाचला, की शेवटच्या फेरीत उमेदवार म्हणून नाना एकटेच उरणार होते. एका बाजूला नाना, दुसऱ्या बाजूला 'ठरलं नाही'. आणि समोर एवढा एकच माणूस असताना ठरत नाही असं किती वेळ म्हणणार?

"येळ झाली," मल्हारीआप्पा म्हणाले. "आता ज्यो जितं हाय तितं. कुणी हालायचं नाय. मोज, पोरी."

यशश्री वही घेऊन वळली आणि तिथेच थिजली.

नानांच्या कोपऱ्यात नाना नव्हते.

झालं होतं असं. मिनिटभरापूर्वी कूलरची घरघर बदलली होती. ओला घरघराट कोरडा झाला होता. पंचवीस माणसं त्याच्यासमोर बसली होती आणि एकालाही त्याचा अर्थ कळला नव्हता, पण हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या नानांना कळला. टाकीतलं पाणी संपलं. अजून दोन मिनिटं असाच चालला तर मोटर जळणार. बावीस वर्षं जो माणूस कूलरच्या आवाजावरून पाण्याची पातळी सांगतो, त्याला शपथ आठवायला फुरसत कुठली? नाना उठले, सुलाबाईंची बादली घेतली, मोरीच्या नळाखाली धरली, आणि आता चौथ्या कोपऱ्याच्या बरोबर मधोमध उभे राहून, कमरेत वाकून, कूलरमध्ये पाणी ओतत होते.

"नाना!" यशश्री ओरडली.

"थांब गं, पाणी संपलंय याचं."

"नाना, इकडे या! मोजणी चाललीये!"

"एवढी बादली होऊ दे. मोटर जळेल."

"नाना, सातवे तुम्ही आहात!"

"पोरी," मल्हारीआप्पा हळू आवाजात म्हणाले, "उमेदवाराला हाका मारायच्या नायत. ज्यो जितं हाय तितं. तूच वाचून दाखवलं व्हतं ना कलम?"

कलम सहा. तिनेच वाचलं होतं, मोठ्या आवाजात, वक्तृत्वाच्या थाटात, हातवारे करून. या हॉलमध्ये नियम पाळणारं निदान एक माणूस असायला हवं, असं तिला तेव्हा वाटलं होतं. ते माणूस आपणच निघू याची तिला कल्पना नव्हती. तिने ओठ चावत एकेक डोकं मोजलं.

"गौरांगदादा, पाच. संपदाताई, चार. नाना..." तिने तो कोपरा पुन्हा एकदा मोजला. "नाना, सहा. अजून ठरलं नाही, सव्वीस. त्यात एक नाना."

रिकामी बादली हातात घेऊन नाना उभे राहिले. काय झालं ते त्यांना कळायला बादलीतून ठिबकणाऱ्या तीन थेंबांइतका वेळ लागला.

"म्हणजे मी मला नाही का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. तुमी आमच्यात हायसा," सुलाबाई म्हणाल्या. "आन् बादली जागेवर ठेवा."

*

तिन्ही कोपरे बरखास्त झाले. कलम आठप्रमाणे बरखास्त कोपऱ्यातल्यांनी उरलेल्या कोपऱ्यात जायचं होतं, आणि उरला होता एकच. तेव्हा सहा वृद्धांना धरून, झोपलेल्या दोघांना सतरंजीसकट ओढत, अख्खा प्रभाग मोरीशेजारी जमला. एक्केचाळीस सभासद, एक कूलर आणि कुणाचंच काही ठरलेलं नाही. अधिवेशनाला पाठवण्याइतकं पक्षाचं खरं चित्र याहून दुसरं मिळालं नसतं.

"आता?" गौरांगने विचारलं. त्याच्या डोळ्यांत नवी आशा होती. "आता या गटाचा प्रतिनिधी निवडायचा ना? माझं नाव मीच सुचवतो."

"आणि महिलांना संधी मिळालीच पाहिजे," संपदाताई म्हणाल्या.

"थांबा. वाच गं पोरी पुढलं."

यशश्रीने परिपत्रक उलटवलं. "कलम दहा. अनिर्णित गटास बहुमत मिळाल्यास त्या गटाने आपल्यातूनच प्रतिनिधी निवडावा. मात्र ऐन वेळी गट बदलून आलेल्यांनी तो बळकावू नये म्हणून..." ती थांबली. तिने ती ओळ मनात पुन्हा वाचली. मग तिच्या चेहऱ्यावर हसू पसरायला लागलं. "म्हणून पहिल्या मोजणीच्या वेळी जे त्या गटात होते, त्यांच्यापैकीच निवडावा."

"पहिल्या मोजणीला कोण व्हतं हितं?"

यशश्रीने वही उघडून दाखवली. अनिर्णित, एक.

एक्केचाळीस माणसांनी माना वळवून स्टुलाकडे पाहिलं. सुलाबाई खराट्याची काडी आत दाबत होत्या.

"काय झालं? झाडायचं का आता?"

"मावशी, तुम्ही कोल्हापूरला चाललात! प्रतिनिधी म्हणून!"

"अगं बया. किती दिस?"

"तीन."

"मंग हितं झाडंल कोण?"

गौरांग ताडकन उठला. "हे चालणार नाही! ही बाई सभासद तरी आहे का? हिला पक्षाचं नाव तरी..."

"नोंदणी कुणी केली हिची?" मल्हारीआप्पांनी यादीवर बोट ठेवत विचारलं. "हितं तुमची सही दिसतीया. ही खोटी आसंल तर बाकीचे बी तपासावं लागतील. एकशे चाळीसच्या एकशे चाळीस. काढू का यादी?"

गौरांग बसला. इतका पटकन की शेजारच्याच्या मांडीवर बसला.

"ताई, तुमचं काय?"

संपदाताईंनी तोंड उघडलं. सुलाबाई बाई होत्या, यात वाद नव्हता. संपदाताईंनी तोंड मिटलं आणि आयुष्यात पहिल्यांदा पदर न सावरता टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. गौरांगने लगेच सुलाबाईंच्या शेजारी उभं राहून हात जोडले आणि फोटोग्राफरला खूण केली.

"फोटो मागनं काढा," सुलाबाई म्हणाल्या. "आदी ती सतरंजी उचला. पार भिजलीया, आन् मिसळ सांडलीया. मला हाल झाडून दोनच्या आत घरी जायचंय. कोल्हापूरची तयारी करायचीय."

टाळ्या थांबल्या. पाण्याने आणि तर्रीने भिजलेली ती लांबलचक सतरंजी हॉलभर पसरली होती. आणि सवयीने, अगदी नकळत, एकोणचाळीस माणसांनी नानांकडे पाहिलं.

"नाना," गौरांग आपुलकीने म्हणाला, "उचलताय ना?"

यशश्रीने आजोबांकडे पाहिलं. त्यांच्या बाहीचे काठ ओले होते. कपाळावर घाम होता. आणि चेहऱ्यावर असं काहीतरी होतं की आपण आता रडू की काय असं तिला वाटलं.

नाना हलले. सगळे निश्चिंत झाले. पण नाना सतरंजीकडे गेले नाहीत. त्यांनी निरीक्षकांसाठी मांडलेली हॉलमधली एकुलती एक खुर्ची उचलली, कूलरच्या अगदी समोर ठेवली, तिच्यावर बसले आणि पाय लांब केले. गार वारा तोंडावर आला. बावीस वर्षं हा कूलर ते भरत होते. त्याचा वारा समोरून कसा लागतो ते त्यांना आज कळत होतं.

"नाना? सतरंजी?"

नानांनी भिंतीवरच्या पाटीकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटले.

"माझं अजून ठरलं नाही," ते म्हणाले.

नुसता कूलर घरघरत होता, ओला आणि समाधानी. मग सुलाबाईंनी खराटा जमिनीवर आपटला, आणि नवनिर्वाचित प्रतिनिधींच्या आदेशावरून गौरांगभाऊंनी सतरंजीचं एक टोक धरलं. दुसरं टोक संपदाताईंनी, पदर खोचून.

"अरे वर धरा, वर!" नाना डोळे न उघडता म्हणाले. "ओली सतरंजी मधोमध दुमडायची नाही. कळतंय का काही?"